चार नंबरची खिडकी

ट्वायला बर्डसाँग चौथ्या दिवशी आली.
तोवर तिच्या गाडीखाली वाऱ्याने
काटेरी गवताचा एक गोळा आणून ठेवला होता.
अमारिलोचा वारा असाच,
न विचारता सामान ठेवून जातो.

मी काचेच्या या बाजूला बसतो.
काचेला खाली फट आहे, पावती सरकेल एवढी.
बोललेलं ऐकू यायचं तर माणसाला वाकावं लागतं.
खिडकी मी बांधलेली नाही.

दंड तीनशे, ती म्हणाली, आणलेत.
ते कोर्टाचे, मी म्हणालो. कोर्ट पलीकडच्या रस्त्याला.
इथे गाडी ओढून आणल्याचे वेगळे,
ठेवल्याचे दिवसागणिक वेगळे.
शनिवार-रविवार आम्ही बंद असतो,
पण ते दिवसच धरतात.

गाडी तर नुसती उभी होती ना?

उभी राहण्याचेच पैसे, बाई.

शिवाय नवा विमा काढल्याचा कागद दाखवायचा,
आणि असला डाग लागल्यावर विमा दुप्पट,
तोही दोन वर्षं, एक हप्ता चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा.
हे मी तिला म्हणालो नाही.
मी फक्त आकडे वाचले, वरून खाली,
आणि ती फटीशी कान लावून
एखादा पत्ता लक्षात ठेवावा तशी ऐकत राहिली.

मग तिने न विचारता सांगितलं.
ऑक्टोबरात ब्रेक किंचाळायला लागले होते.
हातात पैसे एकाच गोष्टीचे:
ब्रेक, नाहीतर हप्ता.
तिने ब्रेक केले.
समोर कुणाचं पोर येईल एखाद्या दिवशी, म्हणाली,
गाडी थांबायला हवी.
आणि थांबली.
मागे लाल-निळे दिवे लागले, पहाटे पाच दहाला,
तेव्हा इतकी अलगद थांबली
की कपातली कॉफीही हलली नाही.
तिकिटावर त्याला रकाना नव्हता.

साडेपाचला तिला ऑरविल स्टेगॉलकडे पोचायचं असतं.
एकोणनव्वद वर्षांचा, कुशीवर वळवावा लागतो.
बस सातच्या आधी नाही, आणि त्याच्या रस्त्याला नाहीच.
ती पोचली पावणेअकराला,
शेवटचे तीन मैल चालत.
चादर ओली. तो उठून बसलेला.
एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात.
त्याने विचारलं,
माझं काही चुकलं का?

हे कुठे भरायचं, तिने मला विचारलं नाही.
पण थोडा वेळ ती फटीशी वाकलेलीच राहिली.

एजन्सीने ऑरविल दुसरीला दिला.
त्याचे धुतलेले शर्ट अजून गाडीत होते,
तेवढे तरी द्या, म्हणाली.
आतलं सामान काढायला फाटक उघडण्याचे वेगळे.
मी पावती केली.
माझ्या डोक्यावर कॅमेरा आहे.
कॅमेरा नसता तर काय केलं असतं,
हा प्रश्न मी घरी नेत नाही.

ती हँगर खांद्यावर टाकून हायवेच्या कडेने निघाली.
वारा शर्टांत शिरला,
बाह्या फुगल्या, छात्या भरल्या,
लांबून वाटलं, दोन-तीन माणसं
तिच्या पाठीशी उभी आहेत.

गाडीसाठी ती पुन्हा आली नाही.
दिवस गाडीच्या किमतीपुढे गेले,
मग लिलाव.
ऊन, धूळ, कागदी कपात कॉफी,
आणि लिलाववाला टपावर थाप मारून ओरडला,
ब्रेक नवेकोरे!
बोली चाळीस डॉलरने चढली.

संध्याकाळी मी घरी निघतो.
सिग्नलला माझी गाडी किंचाळते,
शेजारचे मान वळवून बघतात.
ऑक्टोबरपासून बघतायत.
माझा कागद मात्र समोरच्या खणात आहे,
घडी न मोडलेला.